ओवी जात्याचीच का होती?

माझी आजी जात्यावर शक्यतो एकटी बसायची नाही, समोर काकू नाहीतर शेजारची कोणीतरी असायचीच, दोघींचे हात एकाच खुंट्यावर आणि पहाटेच्या अंधारात ओवी सुरू. मला वाटायचं कंटाळा येऊ नये म्हणून गातात. ते कारण आहेच, पण तेवढंच नाहीये. जड दगड दोघींनी फिरवायचा तर एकीने ओढलं की दुसरीने त्याच क्षणी पुढे लोटायला हवं, नाहीतर जातं अडतं आणि दोघींचेही खांदे भरून येतात. हा मेळ ओवी बसवून द्यायची.

मेंदूत काय होतं ते भारी आहे. ठेका ऐकताना आपण नुसतं ऐकत नसतो, पुढचा ठोका कधी पडणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि हालचाल सांभाळणारे भाग त्यात सामील होतात, माणूस अगदी गप्प बसलेला असला तरी! म्हणून तर ढोल वाजला की पाय आपोआप हलतो. २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला आणि मधूनच मुख्य ठोका गाळला, तर बाळांच्या मेंदूच्या लहरींमध्ये "अरे, इथे काहीतरी राहिलं" अशी नोंद उमटली. म्हणजे हे शिकवावं लागत नाही. पार्किन्सनच्या पेशंटचं पाऊल अडखळतं तेव्हा ठेका ऐकवला तर बऱ्याच जणांना चालणं सोपं जातं, फिजिओथेरपीत तो वापरतात.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग ऑक्सफर्डचा, तोही वल्हवणाऱ्या पोरांवरचा. त्यांना मशीनवर आधी एकेकट्याने आणि मग टीमसोबत एका लयीत वल्हवायला लावलं, मेहनत साधारण सारखीच, आणि नंतर दंडाला बीपीचा पट्टा आवळून दुखणं किती सहन होतं ते मोजलं. सगळ्यांसोबत वल्हवल्यावर सहनशक्ती जास्त निघाली. शरीर स्वतःच वेदना कमी करणारं एंडॉर्फिन सोडतं, ते एका लयीत काम केल्यावर जास्त सुटत असावं असा त्यांचा अंदाज. हे वाचल्यावर मला आधी दिंडीच आठवली. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं, ऊन-पाऊस अंगावर घेत, आणि सत्तरीच्या बायका टाळ वाजला की पावली खेळतात. श्रद्धा तर आहेच, तिला मी कमी लेखत नाही, पण शेकडो टाळ एकत्र वाजत असताना शरीरालाही काहीतरी मिळत असणार, असं मला मनापासून वाटतं.

गाणं माणसासोबत फार आधीपासून आहे. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या पंखाच्या हाडाची पाच भोकांची बासरी सापडली, ती सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीची! त्यामानाने गाणं नुसतं बसून, गाणारा समोर नसताना ऐकायची सवय कालची म्हणायची. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहरजान यांचा आवाज रेकॉर्ड झाला, मग रेडिओ, कॅसेट, आणि आता लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा लावून उभे असलेले सगळे आपापल्या इअरफोनमध्ये वेगवेगळं गाणं ऐकतायत. ऐकायला एवढं मिळतंय हे मलाही आवडतं, पण सोबत गाणं कमी झालं याचं वाईटही वाटतं.

पिठाची गिरणी आली, बायकांचे हाल वाचले, चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशा ओव्याही थांबल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या टीमने गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, म्हणून निदान तेवढ्या तरी वाचल्या. गेल्या वर्षी मी काकूला सोफ्यावर बसवून मोबाईल पुढे धरला आणि म्हटलं, म्हण ना एखादी. एक ओळ आली आणि पुढची काही केल्या आठवेना. मग ती खाली जमिनीवर बसली, एक पाय लांब केला, हात हवेतच गोल फिरवायला लागली आणि एकामागोमाग अकरा ओव्या म्हणाली.