दशैंच्या पैशाची वाट

आपल्याकडे घट बसायच्या सुमारास मुंबई-पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या फाटकावर अनोळखी वॉचमन दिसू लागतो. नेहमीचा वॉचमन नेपाळला गेलेला असतो. निघण्यापूर्वी त्याने पगारावर उचल घेतलेली असते आणि बदली म्हणून भावाला किंवा एखाद्या गाववाल्याला उभे केलेले असते. ज्याला रजा मिळत नाही, तो निदान पैसे तरी पाठवतो. या पैशाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा काळ हा पैसा बँकेतून किंवा टपालातून नव्हे, तर माणसाच्या कमरेला बांधून सीमेपार गेला आहे.

दशैं म्हणजे नेपाळचा दसरा. घटस्थापनेपासून कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस चालणारा हा त्या देशातला सर्वांत मोठा सण आहे. विजयादशमीला घरातील वडीलधारी माणसे धाकट्यांच्या कपाळी दही, तांदूळ आणि लाल अबीर यांचा टीका लावतात, डोक्यावर घटातले जवाचे अंकुर, म्हणजे जमरा, ठेवतात आणि हाती दक्षिणा देतात. नवे कपडे, बोकड, लेकीबाळींचे येणे-जाणे आणि सावकाराचे वर्षभराचे देणे असा सगळा खर्च याच पंधरवड्यात येऊन पडतो. म्हणून घराबाहेर गेलेल्या कमावत्या माणसाची दशैंला जितकी वाट पाहिली जाते, तितकीच त्याच्या पैशाचीही पाहिली जाते.

घर सोडण्याची सुरुवात तलवारीच्या नोकरीने झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही गोरखे लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यात दाखल झाले आणि त्यावरून परदेशी सैन्यात चाकरी करणाऱ्या नेपाळ्याला ‘लाहुरे’ हे नाव पडले. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रजांशी झालेल्या युद्धात आणि पाठोपाठच्या सुगौलीच्या तहात नेपाळने मोठा मुलूख गमावला; त्याच सुमारास, म्हणजे १८१५ पासून, ईस्ट इंडिया कंपनीने गोरख्यांच्या पलटणी उभारायला प्रारंभ केला. भारताला नेपाळी बोलीत ‘मुग्लान’, मोगलांचा मुलूख, म्हणत आणि मोगल गेल्यानंतरही तो शब्द राहिला. पुढे मुग्लानात जाणाऱ्यांत शिपायांपेक्षा मजूर, चहामळ्यातले कामगार, हमाल आणि राखणदार जास्त होत गेले, पण लोकांच्या तोंडी ते सगळेच लाहुरे झाले.

माझ्या मते या इतिहासातला खरा फरक इथेच पडतो. शिपायाच्या मागे सरकार होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. आजही भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या गोरख्याला काठमांडू, पोखरा आणि धरान येथील कार्यालयांतून निवृत्तिवेतन मिळते. राखणदाराच्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्याच्या किंवा सफरचंदाच्या बागेत राबणाऱ्याच्या पैशासाठी तशी कोणतीही व्यवस्था बराच काळ कोणी केली नाही.

याचे एक कारण चमत्कारिक आहे. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, काम करण्याची आणि फिरण्याची मोकळीक दिली. पारपत्र नाही, व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही. परंतु कागदाविना येता आले म्हणूनच येणाऱ्याजवळ कागद राहिला नाही आणि बँकेच्या खिडकीवर पहिला प्रश्न कागदाचाच असतो. उघड्या सीमेने माणसाची वाट सोपी केली आणि त्याच्या पैशाची अवघड केली. नेपाळ सरकार आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्यांना श्रमपरवाना देते, त्यामुळे त्यांची मोजदाद होते; भारतात येणाऱ्याला तो लागत नाही, त्यामुळे तो हिशेबातही नीटसा येत नाही.

चलनाचा विचार केला तर पाठवणाऱ्याला त्रास नव्हता. १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कायम आहे. भारतीय रुपयाला तिकडे बोलताना ‘आयसी’ म्हणतात, नेपाळीला ‘एनसी’, आणि शंभर आयसीचे एकशेसाठ एनसी हा हिशेब निरक्षर आजीलाही तोंडपाठ असतो. आखातातून जाणाऱ्या पैशात हुंडीवाला, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पोहोचवणारा दलाल, दरातले दोन पैसे जास्त देऊन बँकेचे गिऱ्हाईक पळवू शकतो. भारतातून जाणाऱ्या पैशात ही ओढ नाही, कारण दर बांधलेलाच आहे. इथे बँकेची खरी स्पर्धा होती ती गावी निघालेल्या शेजाऱ्याशी, जो दहा घरांचे पैसे एका पिशवीत घेऊन निघे आणि त्याबद्दल काही घेत नसे.

तो शेजारी मात्र दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला निघालेला असे. नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडील अछाम, डोटी, बझांग या डोंगरी जिल्ह्यांतून भारतातल्या शहरांत येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात गाव सोडणाऱ्यांत आणखी भर पडली. दशैंला परत निघालेला हा माणूस बनबसा, गौरीफंटा किंवा रुपईडिहा यांपैकी एखादे सीमेवरचे नाके गाठेपर्यंत वर्षभराची कमाई अंगावर बाळगून असे, आणि कधी निघायचे हे पंचांगावरून ठरत असल्यामुळे चोरालाही ते ठाऊक असे. गाडीत चहातून गुंगीचे औषध देऊन लुबाडणे आणि सीमेवर झडती घेताना ‘चहापाणी’ मागणे या गोष्टी त्या वाटेवर कोणाला नव्या नाहीत. म्हणून नोटा बनियनच्या आतल्या शिवलेल्या खिशात आणि बुटाच्या तळाशी विभागून ठेवल्या जात.

सरकारी मार्ग निघाला तो मे २००८ मध्ये. रिझर्व्ह बँकेने एनईएफटीच्या, म्हणजे बँकांमधल्या इलेक्ट्रॉनिक हस्तांतराच्या, जोरावर भारत-नेपाळ प्रेषण (पैसे पाठवण्याची) सुविधा सुरू केली. पैसे भारतातील कोणत्याही सहभागी शाखेतून निघून स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेत जातात आणि ज्याचे तिथे खाते नाही त्याला गावाजवळच्या प्रेषण एजंटाकडून नेपाळी रुपयांत मिळतात. एका वेळी ५०,००० रुपयांची मर्यादा होती. खाते नसलेल्यालाही रोख भरून वर्षातून बारा वेळा पाठवता येत असे आणि ओळख पटवण्यासाठी मालकाने दिलेला छायाचित्रासह दाखलाही चालेल, अशी सवलत होती. योजना आखणाऱ्याने राखणदाराचा विचार केला होता, हे या एका कलमावरून दिसते. तरी तो दाखला देणारा मालक आणि तो स्वीकारणारा कारकून, दोघेही राजी असावे लागतात.

त्यामुळे पुष्कळांनी रोखच नेली आणि २०१६ मध्ये त्याची किंमत मोजली. त्या वर्षी विजयादशमी ११ ऑक्टोबरला झाली, पाठोपाठ तिहार म्हणजे तिकडची दिवाळीही आटोपली, आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० व १००० च्या जुन्या नोटा रद्द झाल्या. सणाला आणलेल्या पैशातून मागे ठेवलेल्या नोटा नेपाळी घरांत पडून राहिल्या. त्या नोटा तिथे बाळगणे बेकायदा नव्हते. आदल्याच वर्षी २५,००० रुपयांपर्यंत परवानगी मिळालेली होती. बदलून देण्याविषयी दोन्ही मध्यवर्ती बँकांत बोलणी होत राहिली, नोटा मात्र तशाच राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. तीस हजार रुपये न्यायचे तर शंभराच्या तीन गड्ड्या झाल्या, आणि त्या बनियनच्या खिशात मावत नसत.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने खात्यातून पाठवण्याची मर्यादा दोन लाखांवर नेली आणि वर्षाला बारा वेळांचे बंधन काढले. घटस्थापना सहा दिवसांवर होती. रोख भरणाऱ्यांसाठी मात्र जुनीच मर्यादा राहिली, म्हणजे ज्याच्याकडे खाते नाही तो होता तिथेच राहिला.

इतक्या वाटा पार करून गावी पोहोचलेल्या पैशाचा शेवटचा टप्पा बँकेच्या काउंटरवर असतो. दक्षिणेला कोऱ्या नोटा लागतात, म्हणून नेपाळ राष्ट्र बँक दशैंपूर्वी लहान नोटांच्या नव्या गड्ड्या बाहेर काढते आणि त्यासाठी सकाळपासून रांगा लागतात. टीका लावून घेण्याची मुभा पौर्णिमेपर्यंत असते, त्यामुळे ज्याचा पैसा दशमीला पोहोचला नाही, त्याच्या घरी पुढचे पाच दिवस एजंटाच्या दुकानी खेपा चालू राहतात.