अश्मीभूत पाऊलखुणा : मानवी ओळखीचा वाद

चिखल, ओली वाळू किंवा ज्वालामुखीची राख यांवर उमटून पुढे दगड झालेल्या ठशांपैकी कोणते माणसाचे किंवा त्याच्या पूर्वजांचे आणि कोणते अस्वलाचे, डायनोसॉरचे, किंवा नुसत्या झिजेचे, याविषयी पुराजीवविज्ञानात चालत आलेला वाद. हाडे पाण्याबरोबर वाहत जातात, एका थरातून दुसऱ्या थरात सरकतात. ठसा जिथे उमटला तिथेच राहतो. त्यामुळे एखादा ठसा मानवी ठरला, तर त्या जागी आणि त्या काळी कोणीतरी दोन पायांवर चालत गेले होते याचा तो थेट पुरावा होतो. भांडण तीव्र होते ते याच कारणाने. काही हजार वर्षांपूर्वीच्या थरात प्रश्न आधुनिक माणसाचा असतो. वीस-तीस लाख वर्षे मागे गेल्यावर तो होमिनिनचा, म्हणजे चिंपांझीपासून वेगळ्या झालेल्या मानवी शाखेतील कोणत्याही प्राण्याचा होतो.

माणसाच्या पायाचा अंगठा इतर बोटांना जवळजवळ समांतर असतो, तर चिंपांझीचा बाजूला फाकलेला असतो. चालताना माणसाची टाच आधी टेकते, भार पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो आणि अखेरीस चवडा व अंगठा यांच्या रेट्याने पाऊल उचलले जाते. म्हणून चांगल्या ठशात टाच आणि चवडा खोल, तर आतल्या बाजूची कमान उथळ दिसते. ही लक्षणे एकेकटी घेतली तर फसवी आहेत. अस्वलही मागचा पाय टाचेसकट टेकवते, त्यालाही पाच बोटे असतात आणि त्याच्या नख्या दर वेळी उमटतातच असे नाही. त्याचे मोठे बोट बाहेरच्या कडेला असल्याने त्याच्या डाव्या पायाचा ठसा माणसाच्या उजव्या पायासारखा भासतो. शिवाय चार पायांच्या प्राण्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला, तर दोन्ही मिळून एकच लांबट पाऊल तयार होते. डावे-उजवे आलटून पालटून, ठरावीक अंतराने पडलेल्या चार-सहा पावलांचा माग एखाद्या सुबक पण एकट्या ठशाहून मोलाचा असतो, तो यामुळेच.

दुसरी कसोटी दगडाची. खरे पाऊल दाब देते. त्याखालचे पातळ थर वाकतात, दबतात आणि कडेला चिखलाची वळी उठते. कोरलेल्या ठशात हे थर सरळ कापलेले दिसतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ग्लेन रोझजवळच्या पलक्सी नदीच्या पात्रात ही कसोटी फार उपयोगी पडली. तेथील सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात डायनोसॉरचे ठसे विपुल आहेत आणि त्यांच्याच शेजारी ‘महाकाय मानवाची पावले’ असल्याचा दावा अनेक दशके होत राहिला. १९३० च्या दशकातील मंदीत स्थानिक लोक डायनोसॉरचे ठसे उकरून विकत, आणि काहींनी मानवी पावले कोरूनही विकली. अशाच ठशांच्या मागावर अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे रोलंड बर्ड १९३८ मध्ये तेथे पोहोचले. कोरीव ठशांचा बनाव त्यांच्या लक्षात आला, पण अस्सल डायनोसॉरचे माग पाहून ते थक्क झाले. नदीपात्रातील न कोरलेल्या लांबट खुणांचे कोडे सुटायला मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. काही तीनबोटी डायनोसॉर बोटांमागचा लांब भागही टेकवत चालले होते आणि त्यांच्या बोटांचे ठसे नंतर गाळाने भरून गेले होते. त्या गाळाचा रंग आजूबाजूच्या खडकाहून वेगळा असल्याने तीन बोटांची आकृती पुन्हा ओळखता आली. ग्लेन क्युबन यांनी हे तपशिलाने दाखवल्यावर हा पुरावा पुढे करणाऱ्या सृष्टिवाद्यांपैकी (उत्क्रांती नाकारून सृष्टी देवाने निर्माण केली असे मानणाऱ्यांपैकी) काहींनीही १९८६ मध्ये माघार घेतली.

हाच घोळ त्याआधीही झालेला होता. १८३४ मध्ये जर्मनीतील हिल्डबुर्गहाउझेन येथे वालुकाश्मात हाताच्या पंजासारखे ठसे सापडले, तेव्हा माकड, अस्वल असे अनेक तर्क लढवले गेले. त्या ठशांना कायरोथेरियम हे नाव मिळाले. त्यांतील ‘अंगठा’ पंजाच्या बाहेरच्या बाजूला होता, कारण तो अंगठा नसून पाचवे बोट होते आणि प्राणी होता ट्रायासिक (डायनोसॉर प्रथम अवतरले त्या) काळातील, मगरींच्या गोतावळ्यातला एक सरपटणारा प्राणी. अमेरिकेत नेव्हाडा राज्यातील कार्सन सिटीच्या तुरुंगाच्या खाणीत १८८२ मध्ये लांबलचक ठसे उघडे पडले. ते वहाणा घातलेल्या राक्षसी माणसांचे मानणारेही निघाले. पुढच्याच वर्षी पुराजीवशास्त्रज्ञ ओथनिएल मार्श यांनी ते जमिनीवर वावरणाऱ्या महाकाय स्लॉथचे (आता नामशेष झालेल्या एका मोठ्या सस्तन प्राण्याचे) असल्याचे मांडले. मागचा पाय पुढच्या ठशावर पडल्याने तो प्राणी दोन पायांवर चालल्यासारखा दिसत होता.

लेटोली (टांझानिया) येथील प्रकरण उलट दिशेने गेले. मेरी लीकी यांच्या पथकाला तेथे सुमारे ३६.६ लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय राखेत ठसे मिळाले. १९७८ मध्ये सापडलेला सुमारे २७ मीटरचा माग होमिनिनचा आहे यावर फारसे दुमत झाले नाही. वाद झाला तो इतकाच, की तो ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस या प्राचीन होमिनिन जातीचा की अधिक आधुनिक पायाच्या कोणा प्राण्याचा. मानवशास्त्रज्ञ रसेल टटल यांच्या मते इथिओपियातील हाडार येथे मिळालेली या जातीची वाकडी बोटे लेटोलीच्या माणसासारख्या ठशांशी जुळत नव्हती. पण लेटोलीतल्याच ‘ए’ या ठिकाणचे, त्याआधी सापडलेले पाच सलग ठसे वेगळेच होते : रुंद, विचित्र, आणि एक पाऊल दुसऱ्यावरून आडवे पडलेले. हे मागच्या पायांवर चाललेले अस्वल असावे असे टटल यांनी सुचवले आणि ठसे जवळजवळ विस्मृतीत गेले. २०१९ मध्ये एलिसन मॅकनट, जेरेमी डिसिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा उकरले, आणि तुलनेसाठी अस्वले, चिंपांझी व माणसे यांच्या पावलांची मोजमापे घेतली. रानातील काळ्या अस्वलांच्या चित्रफितींत ती दोन पायांवर चालताना एक टक्क्याहूनही कमी वेळ दिसली. शिवाय लेटोलीत मिळालेल्या हजारो प्राणिजीवाश्मांत अस्वल नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हे ठसेही होमिनिनचे, पण शेजारच्या मागाहून वेगळ्या चालीच्या जातीचे असावेत. म्हणजे एके काळी ‘माणसासारखे नाही’ म्हणून बाजूला सारलेला पुरावाच दोन होमिनिन जाती एकाच काळी एकाच भागात वावरत असल्याचे सुचवणारा ठरला.

अपेक्षेचा प्रभाव या वादात नाकारता येत नाही. जेथे माणूस असणे शक्य वाटते तेथे अस्पष्ट खळगेही पाऊल ठरतात. मेक्सिकोतील पुएब्लाजवळ तोलुकिया येथे २००५ मध्ये ४० हजार वर्षांपूर्वीचे म्हणून जाहीर झालेले ठसे हे याचे उदाहरण. ज्या राखेत ते होते ती सुमारे १३ लाख वर्षांची निघाली आणि खुणा आधुनिक खाणकामाच्या असल्याचे पुढे मान्य झाले. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्समध्ये स्थिती नेमकी उलटी आहे. तेथील पावले माणसाची आहेत यावर कोणाचा आक्षेप नाही. २१ ते २३ हजार वर्षे हे वयच अनेकांना अवघड वाटले, कारण माणूस अमेरिकेत इतक्या लवकर पोहोचला होता हे रूढ चित्रात बसत नव्हते.

ग्रीसच्या क्रीट बेटावरील ट्राखिलोस येथील ठशांचा वाद आजही मिटलेला नाही. गेरार्ड गिअर्लिन्स्की यांना २००२ मध्ये दिसलेले हे पन्नासहून अधिक ठसे २०१७ मध्ये सुमारे ५७ लाख वर्षांचे म्हणून प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये त्यांचे वय साडेसाठ लाख वर्षांपर्यंत मागे नेण्यात आले. समांतर अंगठा, चवडा, नख्यांचा अभाव ही लक्षणे होमिनिनकडे बोट दाखवतात, असे त्यांच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. अडचण अशी, की ४४ लाख वर्षांपूर्वीच्या इथिओपियातील आर्डिपिथेकस रॅमिडस या होमिनिनचा अंगठा अजून फांदी पकडण्याजोगा फाकलेला होता. मग त्याहून पंधरा लाख वर्षांहून अधिक जुन्या पायाचा अंगठा समांतर कसा? एक तर पायाची उत्क्रांती सरळ रेषेत झाली नाही, किंवा युरोपातील एखाद्या अनोळखी कपीला असा पाय स्वतंत्रपणे लाभला, किंवा ठशांचे वाचन चुकले. पावले अस्पष्ट आहेत, कमान दिसत नाही आणि दोन पायांवरची चाल निर्विवाद सिद्ध होत नाही, अशी टीका आहे. क्रीटमध्ये त्या काळातील होमिनिनचे एकही हाड मिळालेले नसल्याने ठशांची तुलना करायला प्रत्यक्ष पाय उपलब्ध नाही.