क्वार्टरबॅकची अग्रक्रमाने निवड

अमेरिकी फुटबॉलमधील संघबांधणीचा एक वादविषय. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक लीगच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये महाविद्यालयीन खेळाडू निवडताना संघाने आपला निवडीचा सुरुवातीचा क्रमांक क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकून वा सोपवून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर) खर्च करावा की अन्य जागा आधी भराव्यात, असा हा प्रश्न आहे. ड्राफ्टमध्ये आयपीएलच्या लिलावासारखी बोली लागत नाही. आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ प्रथम निवड करतो आणि क्रमांकांची अदलाबदल संघांना आपसांत करता येते. १९९४ पासून निवडीच्या सात फेऱ्या होतात. सर्वांत दुबळ्या संघालाच पहिला हक्क असल्याने गुणी नवोदित क्वार्टरबॅक बहुधा विस्कळीत संघाच्या वाट्याला येतो. त्याचे अपयश त्याचे की संघाचे, हे त्यामुळे वेगळे काढता येत नाही. वादाचे मूळ पुष्कळसे येथेच आहे.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडली व पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. अग्रक्रमाने निवडला गेलेला पहिला क्वार्टरबॅक कोण, याविषयी मतभेद आहेत. पहिल्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर बॉस्टन रेडस्किन्सने घेतलेला अलाबामा विद्यापीठाचा रायली स्मिथ कागदोपत्री क्वार्टरबॅक होता. केवळ नोंदी पाहणारे मान त्याला देतात. परंतु त्या काळी प्रचलित असलेल्या सिंगल विंग रचनेत क्वार्टरबॅकचे मुख्य काम पुढे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवण्याचे असे. चेंडू हाती घेऊन धावणे वा फेकणे हे टेलबॅककडे असे. १९३७ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेलेला सॅमी बॉ हा फेकीसाठी विख्यात असला, तरी सुरुवातीला टेलबॅक म्हणूनच खेळे. १९३९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला सिड लकमन हाही कोलंबिया विद्यापीठात टेलबॅक होता. शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांनी हा क्रमांक पिट्सबर्गकडून मिळवला होता. त्यांनी लकमनला टी रचनेत, म्हणजे क्वार्टरबॅकच चेंडू हाती घेऊन खेळ चालवतो त्या रचनेत, क्वार्टरबॅकच्या जागी उभे केले. याच रचनेने बेअर्सने ८ डिसेंबर १९४० रोजी अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३–० असा पराभव केला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक संघ तिच्याकडे वळले. आज ज्या अर्थाने क्वार्टरबॅक म्हटले जाते, त्या अर्थी अव्वल क्रमांक मिळवणारा पहिला खेळाडू म्हणून नोत्र दाम विद्यापीठाचा अँजेलो बर्टेली (१९४४, बॉस्टन यँक्स) याचे नाव घेणे अधिक सयुक्तिक ठरते. १९४२ मध्ये नोत्र दामने टी रचना स्वीकारली आणि तोपर्यंत टेलबॅक असलेला बर्टेली तिचा क्वार्टरबॅक झाला. पुढे तो मरीन दलात दाखल झाला आणि बॉस्टनसाठी कधीच खेळला नाही. सारांश, आजच्या स्वरूपातला हा वाद १९४० च्या दशकाच्या फार मागे नेता येत नाही.

१९६० ते १९६६ या काळात प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट स्वतंत्रपणे होई. एकत्रित ड्राफ्ट १९६७ पासून सुरू झाला. १९७८ च्या नियमबदलांनी रक्षकांनी झेलणाऱ्यांना अडवण्यावर मर्यादा आणली व फेकीच्या खेळाला बळ दिले, तसे क्वार्टरबॅकचे मोलही वाढले. १९८३ मध्ये पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्यांत जॉन एल्वे पहिला, तर डॅन मरीनो २७ वा होता. दोघेही पुढे नामवंत ठरल्याने दोन्ही पक्ष हे वर्ष आपल्या बाजूने वापरतात. १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकाचा पेटन मॅनिंग दीर्घकाळ यशस्वी ठरला, तर लगेच दुसऱ्या क्रमांकाचा रायन लीफ लवकरच लयाला गेला. २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडलेल्या आणि पुढे अत्यंत यशस्वी ठरलेल्या टॉम ब्रेडीचे उदाहरण तर इतके वापरले गेले आहे की पुरावा म्हणून त्याचे मोल आता थोडेच उरले आहे.

आर्थिक बाजू अधिक निर्णायक मानावी लागते. लीग व खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या सामूहिक करारापूर्वी अव्वल क्रमांकाच्या नवोदिताचे मानधन वाटाघाटींनी ठरे. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी सुमारे ७.८ कोटी डॉलरचा होता. त्यांतील ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला त्याच क्रमांकावर चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी डॉलर मिळाले. नव्या कराराने नवोदितांच्या मानधनाची चौकट बांधून दिली आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी राखून ठेवण्याचा पर्याय संघाला दिला. मुरलेल्या क्वार्टरबॅकचे मानधन मात्र वाढतच राहिले. परिणामी, चांगला नवोदित मिळाल्यास वेतनमर्यादेत (संघाच्या एकूण मानधनावरील कमाल मर्यादेत) उरलेला पैसा इतर जागांवर वळवता येतो. अग्रक्रमाच्या बाजूचा आजचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. गुणवत्ता ओळखता येण्याची खात्री तुलनेने दुय्यम ठरते.

केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अव्वल क्रमांकांसाठी संघ गरजेपेक्षा जास्त मोजतात व खर्चाच्या मानाने अधिक लाभ नंतरच्या क्रमांकांतून होतो, असा निष्कर्ष काढला. तो सर्व जागांना मिळून आहे आणि त्यामागील आकडेवारी जुन्या करारांच्या काळातील आहे. क्वार्टरबॅकला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. डेव्हिड बेरी व रॉब सिमन्स यांच्या २०११ च्या अभ्यासानुसार निवडीच्या क्रमांकावरून किती खेळायला मिळेल हे ठरते, दर खेळीमागची कामगिरी मात्र फारशी ठरत नाही. यावर आक्षेप असा की, उशिरा निवडलेल्यांपैकी जे मैदानात उतरले त्यांचीच मोजदाद यात होते आणि बाकावरच राहिलेले बहुसंख्य गणतीबाहेर जातात. हा आक्षेप रास्त वाटतो.

अलीकडील व्यवहारांत किमतीचा प्रश्न स्पष्ट दिसतो. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सने तिसऱ्यावरून केवळ एक पायरी वर येण्यासाठी आणखी तीन क्रमांक देऊन मिच ट्रुबिस्कीला घेतले. कॅन्सस सिटी चीफ्सने २७ वरून दहाव्या क्रमांकावर येत पुढे लीगमधील अव्वल क्वार्टरबॅक ठरलेल्या पॅट्रिक माहोम्सला घेतले आणि पहिले वर्ष त्याला जवळजवळ पूर्णपणे ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवले. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने २०२१ मध्ये पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील क्रमांकांसह बरेच काही देऊन तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला निवडले. त्याने त्यांच्यासाठी सुरुवातीपासून चारच सामने खेळले. त्याच संघाला २०२३ च्या हंगामात सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेणारा ब्रॉक पर्डी हा २०२२ च्या ड्राफ्टमधील अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू होता. कॅरोलिना पँथर्सने २०२३ मध्ये ब्राइस यंगसाठी शिकागोला दिलेल्या मोबदल्यात पुढील वर्षाचा पहिल्या फेरीतील क्रमांकही होता. पँथर्सने त्या हंगामात १७ पैकी दोनच सामने जिंकल्याने तोच क्रमांक २०२४ चा अव्वल क्रमांक ठरला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतले. त्या वर्षी पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक होते.

कॅनडियन फुटबॉल लीगमध्ये हा वाद फारसा उद्भवत नाही. तेथील ड्राफ्ट कॅनडातील खेळाडूंसाठी असतो आणि क्वार्टरबॅक बहुतांशी अमेरिकेतून थेट करारावर येतात.