टाइमआऊट आणि सब: टेबल एकच, नियम दोन

कोच बेंचवरून "सर, टाइम! टाइम!" असं ओरडला म्हणून रेफरीने शिट्टी मारायची नसते. बास्केटबॉलमध्ये फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत टाइमआऊट रेफरीकडे मागतच नाहीत, कोर्टलगतच्या स्कोअररच्या टेबलावर मागतात. बदली खेळाडूचं, म्हणजे सबचंही तसंच. दोन्ही मागण्या एकाच टेबलावर येतात, दोन्हींना टायमरचा, म्हणजे घड्याळ सांभाळणाऱ्याचा हॉर्नही तोच. म्हणूनच नागपुरात शाळा-कॉलेजच्या सामन्यांना टेबलावर बसणारी नवी पोरं दोन्हींना एकच नियम लावून मोकळी होतात.

आधी मागायचं कोणी, ते पाहू. टाइमआऊट फक्त हेड कोच किंवा फर्स्ट असिस्टंट कोच मागतो. त्याने टेबलाशी यायचं किंवा टायमरशी नजर मिळवायची आणि हाताने 'टी' करायचा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूही टाइमआऊट मागतात. ते मोबाइलवर पाहून आपली पोरं 'टी' करत रेफरीमागे फिरतात. तिकडे लक्ष द्यायचं नाही. सबचं बरोब्बर उलटं आहे. तिथे कोचला अधिकार नाही. आत येणाऱ्याने स्वतः टेबलाशी जाऊन हात क्रॉस करायचे किंवा बदलीच्या खुर्चीवर बसायचं, तेही लगेच खेळायच्या तयारीत. कोच "सर, चेंज" म्हणतोय आणि पोरगा बेंचवर लेस बांधतोय, तर मागणी झालीच नाही.

बॉल डेड (म्हणजे खेळ थांबलेला), घड्याळ थांबलेलं आणि रेफरीचं टेबलाला सांगून झालेलं असेल, तर दोन्ही संघांना दोन्ही मिळतं. शेवटचा फ्री थ्रो आत गेल्यावरही मिळतं. इथवर कोणी चुकत नाही. घोळ होतो बास्केट झाल्यावर.

समजा तिसरा क्वार्टर आहे, घड्याळात 4:20. 'अ'ने बास्केट केली. 'ब'च्या कोचने टाइमआऊट आधीच मागून ठेवलाय. बॉल जाळीतून खाली येताच टायमरने घड्याळ थांबवून हॉर्न द्यायचा. रेफरी शिट्टी मारून टाइमआऊट देतो. आता तोच क्षण, पण टाइमआऊटची मागणी नाही, 'ब'चा सब तेवढा खुर्चीवर बसलाय. हॉर्न द्यायचा नाही. सबला घड्याळ थांबलेलं लागतं आणि या वेळी बास्केटनंतर ते चालूच असतं. बास्केट खाल्लेल्या संघाच्या टाइमआऊटसाठी ते मुद्दाम थांबवतात, सबसाठी नाही. चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या 2 मिनिटांत मात्र प्रत्येक बास्केटनंतर घड्याळ थांबतं, म्हणून तिथे त्या संघाला सबही मिळतो.

'ब'चा खेळाडू बॉल घेऊन बेसलाइनबाहेर उभा राहिला की दोन्ही संधी संपल्या. त्यानंतर कोच कितीही धावत आला तरी उशीरच. टायमरचा हॉर्नही त्याआधीच वाजायला हवा. मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या बंद हॉलमध्ये आवाज घुमतो, पण रस्त्यालगतच्या उघड्या कोर्टवर गाड्यांच्या भोंग्यांत विरून जातो. तिथे टायमरने उभं राहून हाताची खूणही करावी. हॉर्न नाही म्हणून टेबलावर रेफरीसारखीच शिट्टी ठेवणं सगळ्यात वाईट, चालू खेळात पोरं थबकतात.

सबला मोजदाद नाही, टाइमआऊटला आहे: पहिल्या हाफमध्ये 2, दुसऱ्यात 3, प्रत्येक ओव्हरटाइमला 1. प्रत्येक टाइमआऊट 1 मिनिटाचा, 50 सेकंदांना हॉर्न. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या 2 मिनिटांत जास्तीत जास्त 2 घेता येतात. त्यामुळे दुसऱ्या हाफमध्ये चौथ्या क्वार्टरच्या घड्याळात 2:00 दिसेपर्यंत एकही घेतला नसेल, तर स्कोअररने स्कोअरशीटवर त्या हाफच्या टाइमआऊटच्या पहिल्या चौकोनात दोन आडव्या रेषा मारायच्या. हे हमखास विसरतं आणि मग कोच तिसरा मागून भांडतो.

दोन्ही एकमेकांत अडकतात ते दुखापतीत. कोर्टवर उपचार घेतलेल्या खेळाडूला बाहेर जावंच लागतं. पण त्याच थांब्यात दोघांपैकी कोणत्याही संघाने टाइमआऊट घेतला आणि तेवढ्यात तो सावरला, तर तो खेळत राहू शकतो. एवढ्यासाठीच कोच कधी कधी टाइमआऊट खर्ची घालतो. मात्र सबचा हॉर्न आधी वाजला असेल, तर तो खेळाडू बाहेरच.