चिमटीतून तळहाताकडे

अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत एखादी वस्तू एक किलोच्या जोराने धरली, तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या छोट्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. कूनी आणि चाओ या अभ्यासकांनी १९७७ साली हे गणित मांडलं. चिमटीचं टोक सांध्यापासून लांब असतं आणि जोर लावणारे स्नायुबंध सांध्याला अगदी लागून, म्हणून त्यांना कितीतरी जास्त ओढ घ्यावी लागते. कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, धड असेपर्यंत हे जाणवत नाही. ती झिजली की कुलपात किल्ली फिरवतानाही कळ येते.

तेव्हा संधिवात असलेल्या माणसासाठी वस्तू सोपी करायची, म्हणजे आधी तिच्यातली चिमटीची पकड काढायची. न्हाणीघरातला गोल चकतीचा नळ बघा. तो फिरवायला लागतो त्याहून अधिक जोर चकती घट्ट आवळण्यातच जातो, आणि हात साबणाचा असला की आणखी आवळावी लागते. त्याजागी १० सेंटिमीटर लांब दांडीचा नळ बसवला, तर आवळायची गरजच उरत नाही. मनगटाने, अगदी कोपरानेही ढकलता येतो. प्लंबरचं तासाभराचं काम आहे. गुडघ्यांच्या तेलावर खर्च करणाऱ्या घरांनी हा खर्च आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

पकड जाड केली तरी बोटं कमी मिटावी लागतात. अमेरिकेतले उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साधं सोलाणं धरणं जड जाई. त्यातूनच १९९० मध्ये त्यांच्या 'ऑक्सो' कंपनीची जाड, मऊ रबरी मुठीची सोलाणी बाजारात आली. मूठ लंबगोल होती, त्यामुळे ती ओल्या हातात फिरत नसे. ती रुग्णांची वस्तू म्हणून विकली गेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 'आजारी माणसाची' दिसणारी वस्तू आजी कपाटात ठेवून देतात. घरच्या चमच्याला किंवा उलथन्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवूनही बरंच काम होतं. मात्र बोटं पुरणार नाहीत इतकी मूठ जाड करू नये.

आपली विळी तर बोटांच्या दृष्टीने उत्तमच! पायाखाली दाबलेल्या पाटामुळे पातं पक्कं असतं, भाजी तळहाताने पुढे ढकलायची, सुरीची मूठ आवळायला नको. अडचण गुडघ्यांची. तीच विळी ओट्याच्या कडेला नीट आवळून बसवली, तर उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून चिरता येतं. पण ती जराही हलता कामा नये.

यातलं काहीही करून बघायचं, तर सकाळी उठल्या उठल्या. आमवातात, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवातात, तेव्हा बोटं सगळ्यात आखडलेली असतात, आणि दुपारी सोपा वाटलेला नळ पहाटे उघडत नाही.