मेणबत्ती घेताना आधी वात बघा

दिवाळी-नाताळ जवळ आले की दुकानांत सुगंधी मेणबत्त्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. डब्यावर ‘सोया वॅक्स’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं ठळक छापलेलं असतं आणि घरात दम्याचं माणूस असलेलं गिऱ्हाईकही ते वाचून निश्चिंत होतं. या निश्चिंतपणाची मला काळजी वाटते. मेण कशाचं आहे यापेक्षा ज्योत कशी जळते आणि मेणात काय मिसळलंय, यावर खोलीतली हवा जास्त अवलंबून असते.

मेणाचा गोळा काडी लावून पेटत नाही. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला काडी लावली, तर ज्योत धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटवते, हे त्यानं तिथे दाखवलं. तो पांढरा धूर म्हणजे गार होत चाललेलं मेणच.

ज्योतीच्या आत या वाफेपासून कार्बनचे बारीक कण तयार होतात. ते तापून पिवळे चमकतात, तोच मेणबत्तीचा उजेड. ज्योत स्थिर असेल तर कडेपर्यंत पोचता पोचता बहुतेक कण जळून जातात. ती फडफडली की अर्धवट जळलेले कण बाहेर निसटतात आणि काजळी धरते. काजळ करताना दिव्यावर वाटी धरतात, तेव्हाही हेच होतं: कण जळून संपायच्या आत थंड धातूवर अडकतात. आपल्याकडे तर डोक्यावर पंखा बारा महिने फिरतो. मेणबत्ती कितीही भारीतली असो, पंख्याखाली ती धूर सोडणारच.

मेणबत्तीचं मेण साधारण तीन प्रकारचं: पॅराफिन खनिज तेलातून येतं, सोया मेण म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल, आणि तिसरं मधमाश्यांचं. नीट जळाली तर तिन्हींतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. मात्र शांत ज्योतीतूनही १०० नॅनोमीटरपेक्षा (मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षा) लहान कण बाहेर पडतात. वातीला लावलेल्या क्षारांचाही त्यात वाटा असतो. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात मात्र खोलवर जातात.

म्हणून वात नीट बघून घ्यावी. वेणीसारखी विणलेली सुती वात फ्रान्समध्ये १८२५च्या सुमारास आली. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथेच जळून जातं. त्याआधीच्या वाती सारख्या कातराव्या लागत. आजही वात लांब राहिली तर ज्योत मोठी होते, तिला हवा पुरत नाही आणि काचेचा काठ काळा पडतो. पेटवण्याआधी वात कापून साधारण ६ मिलिमीटर ठेवावी. वातीच्या आत धातूची तार दिसली तर ती पांढऱ्या कागदावर घासून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ते शिसं असू शकतं. अमेरिकेनं शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ साली बंदी घातली. अशी मेणबत्ती पेटवूच नये.

सुगंधाचीही गोष्ट साधी नाही. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावतं, तेव्हा फॉर्माल्डिहाइड हा डोळे-घसा चुरचुरवणारा वायू आणि नवे सूक्ष्म कण तयार होतात. वास नैसर्गिक तेलाचा असला तरी ही रासायनिक क्रिया टळत नाही. ज्या घरात लहान बाळ किंवा दमेकरी आहे, तिथे बिनवासाची, साधी मेणबत्ती बरी. नुसत्या उजेडासाठी हवी असेल तर बॅटरीवरचा एलईडी दिवा त्याहून बरा. वीज गेल्यावर दारं-खिडक्या लावून तासन्तास मेणबत्ती जाळणं तर टाळाच. वारा थेट ज्योतीवर येणार नाही, पण खोलीतली हवा बदलत राहील, अशा बेतानं एखादी खिडकी उघडी ठेवावी.

विझवतानाही फुंकर मारू नये, कारण तो पांढरा धूर तेव्हाच निघतो. चिमट्यानं किंवा लोखंडी सळईनं वात वाकवून वितळलेल्या मेणात बुडवावी आणि लगेच सरळ करावी. धूर जवळजवळ होत नाही आणि मेणात भिजलेली वात पुढच्या वेळी चटकन पेटते.