अंगठ्यावर फिरणारा यो-यो : आकार आला कुठून

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत आमच्या अमळनेरच्या गल्लीत भोवऱ्याचे डाव रंगायचे. फिरता भोवरा तळहातावर उचलून तिथून अंगठ्याच्या नखावर सरकवणारं एखादं पोर असायचंच, आणि त्याच्याभोवती घोळका. भोवरा नखावर टिकतो तो त्याच्या आरीमुळे. आरीचं टोक ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक असतं, त्यामुळे घासलं तरी वेग फारसा जात नाही.

यो-योमधली थंब ग्राइंड दिसायला याच खेळाची बहीण वाटते. दोरीच्या टोकाशी फिरणारा यो-यो झटक्याने वर घ्यायचा आणि अंगठा त्याच्या बाहेरच्या तोंडातल्या खोलगट वाटीत घालायचा. वाटीची आतली कड नखावर टेकते आणि यो-यो अंगठ्याला लटकून फिरत राहतो. घर्षणाचा हिशेब मात्र भोवऱ्याच्या अगदी उलट आहे. वाटीच्या कडेचा व्यास 48 मिलिमीटर आणि मिनिटाला 3000 फेरे धरले, तर ती कड नखावरून सेकंदाला सुमारे साडेसात मीटर वेगाने सरकते. म्हणजे ही युक्ती फिरकी खाऊन टाकणारी आहे. म्हणूनच आकाराचा प्रश्न इथे इतका महत्त्वाचा.

जळगाव-धुळ्याकडची मुलं हल्ली ऑनलाइन यो-यो मागवतात आणि विचारतात, ‘फुलपाखरू घेऊ की गोल?’ ही निवड बाहेरच्या रेषेची झाली. थंब ग्राइंडला लागणारा आकार आत, वाटीत असतो. तो तिथे कसा आला, हे कळलं की निवडणं सोपं जातं.

खेळणं फार जुनं आहे. इसवी सनपूर्व 440 च्या सुमाराच्या एका ग्रीक पात्रावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. आपल्याकडेही बुंदी-कोटा शैलीतल्या, 1770 च्या आसपासच्या एका लघुचित्रात एक स्त्री यो-यो खेळताना दिसते. पण दोरी आसाला घट्ट बांधलेली असेल तर यो-यो खाली जातो आणि लगेच वर येतो. टोकाशी थांबून फिरणं नाही, तर अंगठ्यावर घेणार काय?

ते थांबणं जगभर पोचवलं फिलिपिन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी. 1928 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे कारखाना काढला. त्यांच्या यो-योची दोरी आसाला बांधलेली नव्हती, नुसता फास अडकवलेला होता. फासात आस मोकळा फिरतो, त्याला खेळाडू ‘स्लीप’ म्हणतात. पुढे डोनाल्ड डंकन यांनी हा धंदा विकत घेतला आणि अमेरिकाभर नेला. ते यो-यो लाकडी, बाहेरून फुगीर. फिरकी होती, पण अंगठा शिरायला जागा नव्हती.

1950 च्या दशकात फुलपाखरू आकार आला. दोन्ही अर्ध्या भागांची तोंडं जणू उलटी जोडली, त्यामुळे मधली फट बाहेरच्या बाजूला रुंद उघडते आणि यो-यो दोरीवर झेलणं सोपं होतं. दोरीवरच्या युक्त्यांना याने फार मोठा हात दिला, हे मान्य. पण अंगठ्याला त्याचा थेट उपयोग नाही. दुकानदार ‘ग्राइंडला बटरफ्लायच घ्या’ म्हणतात तेव्हा ते या दोन गोष्टींची गल्लत करतात.

अंगठ्याची वाट उघडली ती वजनाच्या विचारातून. 1866 मध्येच सिनसिनाटीच्या हेवन आणि हेट्रिक यांनी या खेळण्याचं पेटंट घेतलं होतं, आणि काठाचा जाडपणा फ्लायव्हीलसारखं काम करतो ही कल्पना त्यात होती. विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. त्याच्या जड चाकाचं लोखंड परिघावर असतं, मधे नुसते आरे. वजन आसापासून जितकं लांब, तितकी फिरकी मरायला कठीण. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनी 1990 मध्ये बॉल बेअरिंगचा अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो काढला, आणि 2000 च्या आसपास प्लास्टिकच्या अंगावर धातूची कडी बसवलेले यो-यो आले. लेथवर मधलं द्रव्य कोरून काढायचं आणि काठाला ठेवायचं, ही रीतच पडली. मधलं द्रव्य काढलं की उरते वाटी. फिरकी लांबावी म्हणून केलेल्या पोकळीत खेळाडूंचा अंगठा गेला. त्यानंतर बनवणाऱ्यांनी खास अंगठ्यासाठी त्या कडेला आतून खाच द्यायला सुरुवात केली.

ही खाच मला पहिल्यांदा नीट समजली ती जळगावच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांमुळे. मी यो-यो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिलाही नाही. तर्जनी वाटीत घालून कडेच्या मागे फिरवली आणि म्हणाले, ‘आतून अंडरकट मारलाय.’ मग मीही बोट फिरवलं. तळाकडून वर येताना भिंत आधी बाहेर सरकते आणि तोंडाशी ओठासारखी पुन्हा आत वळते. लटकलेला यो-यो अंगठ्यावरून निसटू पाहतो, तेव्हा तो ओठच त्याला धरून ठेवतो.

त्यामुळे माझं मत असं : आधी वाटी पाहा. खाच आहे का? मधे खिळ्यासारखा उंचवटा तर नाही ना? असला तर अंगठ्याचं टोक त्याला आपटतं आणि फिरकी क्षणात जाते. मग काठाचं वजन. साधारण 55-56 मिलिमीटर व्यासाचा, 65 ग्रॅमच्या आसपासचा आणि काठाशी जड असा यो-यो यासाठी चांगला. बाहेरची रेषा V (फटीपासून काठापर्यंत सरळ तिरकी) असो वा H (पायरीसारखी), इथे फारसा फरक पडत नाही. फार रुंद मात्र घेऊ नका. एकाच अर्ध्या भागावर लटकताना दुसरा अर्धा लांब पडतो आणि यो-यो लवकर तिरका होतो. अंगठ्यावरून सुटलेला यो-यो ढिल्या दोरीला पकडून मुठीत चढू नये, यासाठी तो अनरिस्पॉन्सिव्हच हवा, म्हणजे बाइंड केल्याशिवाय (ढिल्या दोरीचा वेढा मधल्या फटीत घालून पकड आणल्याशिवाय) न परतणारा.

आणि पृष्ठभाग. खान्देशात याला दुप्पट महत्त्व आहे. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, हाताला घाम असतो आणि आरशासारखं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ओल्या कातडीला चिकटतं. बारीक दाण्यांचा मारा करून मऊसर, मंद केलेला पृष्ठभाग कमी जागी टेकतो, म्हणून सरकत राहतो. डेल्रिन जातीचं प्लास्टिक मुळातच गुळगुळीत. कमी पैशात शिकायला मला तेच आवडतं. अंगठा पुसून, कातडीऐवजी नखावर घेतलं तर घामाचा त्रास आणखी कमी होतो.

गेल्या आखाजीला गल्लीत मी थंब ग्राइंड करून दाखवली, तेव्हा भोवरा घेऊन उभ्या असलेल्या एका पोराने विचारलं, ‘भाऊ, हाई नखवर कसं काय थांबस?’ मी यो-यो थांबवून त्याच्या हातात दिला आणि वाटीत बोट फिरवायला सांगितलं. ओठाशी त्याचं बोट अडलं आणि त्याने मान हलवली.